आधी तास मोजा, मग ध्येय ठरवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेत गेली चौदा वर्षं मी अभ्यासिका चालवते. दारात एक लांबोडकी वही ठेवली आहे. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. चहाला उठलात तरी नोंद. सुरुवातीला ती फक्त खुर्च्यांवरून होणारी भांडणं मिटवायला होती. पुढे लक्षात आलं की मुलांचं गणित नेमकं कुठे चुकतं ते ह्या वहीतच दिसतं. आता मुलं, त्यांचे आईवडील आणि नोकरीला लागलेले जुने विद्यार्थीसुद्धा मला तेच ते प्रश्न व्हॉट्सॲपवर पाठवतात. बोटं दुखायला लागली, म्हणून सगळी उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवते. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. काकू, "ध्येय लिहा" म्हणता, पण नेमकं काय लिहू? "इंग्रजी सुधारायचं" एवढं चालेल का?

नाही चालणार. "सुधारायचं" ह्याला शेवट नाही, त्यामुळे ते कधी झालं आणि कधी राहिलं हे तुम्हालाच कळणार नाही. दोन वाक्यं लिहा. काय घडलं की काम झालं म्हणायचं, हे पहिलं. त्यासाठी दर आठवड्याला मी काय करणार, हे दुसरं. उदाहरणार्थ: "मार्चअखेर ऑफिसातली सोमवारची मीटिंग मी इंग्रजीत चालवीन. त्यासाठी सोमवार ते शुक्रवार रोज २० मिनिटं मोठ्यानं वाचीन आणि शनिवारी मैत्रिणीशी अर्धा तास इंग्रजीत बोलेन."

क्लासच्या भिंतीवर "स्मार्ट" ध्येयाची पाच इंग्रजी अक्षरं (नेमकं, मोजता येणारं, कुणी करायचं ते ठरलेलं, झेपणारं, मुदतीचं) टांगलेली असतात ना, ती जॉर्ज डोरान यांनी १९८१ मध्ये एका व्यवस्थापन मासिकात मांडली. वाईट नाहीत, पण पाचही रकाने भरून मुलं दुसरं वाक्य विसरतात. गाडं चालतं ते दुसऱ्या वाक्यावर.

एक अपवाद. विषय तुम्हाला अगदीच नवा असेल तर पहिल्या दोन महिन्यांसाठी निकालाचं ध्येय ठेवू नका. "८० टक्के मिळवीन" ऐवजी "ह्या प्रकारची गणितं सोडवायच्या तीन रीती शिकेन" असं लिहा. नवख्या माणसाला आकडा टोचत राहतो आणि शिकणं बाजूला पडतं.

२. माझ्याकडे वेळ किती आहे हे मोजायचं कसं? सगळ्यांकडे २४ तासच असतात ना?

दिवस मोजू नका, आठवडा मोजा. आठवड्यात १६८ तास असतात. कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा हिशोब मी त्याच्यासमोर बसून केला होता, तोच देते.

झोप रोज ७ तास, म्हणजे ४९. उरले ११९. ऑफिस जेवणासकट ९ तास, पाच दिवस, म्हणजे ४५. उरले ७४. जायला-यायला मिळून रोज ३ तास, १५ गेले. उरले ५९. अंघोळ, जेवण, आवरणं रोज २ तास, १४ गेले. उरले ४५. भाजी, किराणा, मुलीचा अभ्यास, आईची औषधं, रोज धरून ३ तास. २१ गेले, उरले २४. रविवारी सासुरवाडी नाहीतर कुणाचं तरी बारसं, त्याचे ६. शिल्लक १८.

हा गृहस्थ माझ्याकडे आला होता "रोज चार तास डेटा सायन्स करतो" असं ठरवून. रोज चार म्हणजे आठवड्याला २८. घरात १८ तास असताना २८ खर्चायला निघाला होता. त्यातही हे १८ कागदावरचे. कुणी आजारी पडतं, गॅस संपतो, आपण नुसते दमतो. म्हणून दोनतृतीयांशच धरा, म्हणजे १२. मग आम्ही त्याचं ध्येय १२ तासांत बसेल एवढं कापलं. तो हिरमुसला, पण तो कोर्स त्यानं पुरा केला. आधीचे दोन अर्ध्यावर सोडले होते.

रोजच्या नोंदी अंदाजानं भरू नका. एक आठवडा खरोखर लिहा. दर तासाला नाही जमलं तर दिवसातून तीनदा: दुपारी जेवताना, संध्याकाळी, झोपताना.

३. मी रोज १२ तास अभ्यासाला बसतो. तरी पोर्शन का संपत नाही?

बसतोस का, ते आधी पाहू. वहीतलं एक पान, नाव गाळून: आत ८:१०. चहाला बाहेर ९:२०. आत १०:०५. मेसला १२:४०. आत २:३०. बाहेर ४:१५, आत ५:००. फोन आला म्हणून बाहेर ६:३०, आत ७:१०. घरी ८:१५.

सकाळी आत आल्यापासून रात्री घरी निघेपर्यंत १२ तास ५ मिनिटं. खुर्चीत ८ तास ५ मिनिटं. त्या मुलाला बेरीज दाखवली तेव्हा त्याचा विश्वास बसेना, पण सह्या त्याच्याच होत्या. आणि ८ तास काही कमी नाहीत. घोटाळा असा की त्यानं अभ्यासक्रमाची विभागणी १२ नं केली होती. म्हणजे रोज चार तासांचं देणं अंगावर चढत होतं. आठवडाभरात माणूस आपल्याच वेळापत्रकाला तोंड चुकवायला लागतो.

शिवाय तासांपेक्षा कामाचं माप ठेवा. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न आणि २ तास, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. दुसऱ्या पेपरात, म्हणजे आकलन, तर्क आणि गणिताच्या सीसॅटमध्ये, ८० प्रश्न आणि तेवढाच वेळ, म्हणजे ९० सेकंद. "आज चार तास इतिहास" यापेक्षा "आज ७२ सेकंदांच्या बोलीनं इतिहासाचे ५० प्रश्न आणि चुकलेल्यांची उजळणी" हे दिवसअखेर मोजता येतं. सीसॅट ३३ टक्क्यांचा, नुसता पात्रतेचा, म्हणून काहीजण त्याला शून्य तास देतात. गणिताची भीती असलेल्यांनी असं करू नये. तिथेच अडकलेले हुशार मुलगे-मुली मी पाहिले आहेत.

४. माझा अंदाज दर वेळी चुकतो. आठ दिवसांचं काम पंधरा दिवस चालतं. मी आळशी आहे का?

आळशी असशीलही, पण हे त्याचं लक्षण नाही. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ह्या चुकीचं वर्णन केलं: माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज बांधताना सगळं सुरळीत चालेल असंच चित्र डोळ्यापुढे आणतो. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. गंमत म्हणजे "सगळंच बिघडलं तर किती?" ह्याचं उत्तरही ४८.६ होतं. तेही अपुरंच पडलं.

म्हणून "मला किती वेळ लागेल" हे विचारू नका. "मागच्या खेपेला असंच काम किती दिवस चाललं होतं" ते विचारा. आठवत नसेल तर सरळ दीडपट धरा. दारात येणारा सुतार "दोन दिवसांत करून देतो" म्हणतो तेव्हा आपण मनातल्या मनात आठवडा धरतोच. तोच हिशोब स्वतःला लावायचा.

५. एका वेळी किती ध्येयं ठेवू? मला व्यायाम, जर्मन, नोकरीतलं प्रमोशन आणि गिटार, सगळंच हवंय.

एक मोठं आणि एक बारीकसं. बाकीची कागदावर लिहून पुढच्या तिमाहीला ढकला. तानाजीनं मुलाचं लग्न रद्द केलं नव्हतं. "आधी लगीन कोंढाण्याचं" यातला "आधी" महत्त्वाचा. सगळं एकदम घेतलंत तर प्रश्न २ मधल्या त्या १२ तासांच्या चार चिंध्या होतात, प्रत्येकीच्या वाट्याला तीन तास. तीन तासांत जर्मन येत नाही आणि गिटारही वाजत नाही.

६. सकाळी दहा कामांची यादी करते, रात्री सहा उरतात. काय चुकतं?

यादीत वेळ लिहिलेली नसते. "बँक" हा एक शब्द आणि "प्रेझेंटेशन" हाही एकच शब्द, कागदावर दोघांची उंची सारखी. प्रत्येक कामापुढे मिनिटं लिहा, बेरीज करा. बहुतेक वेळा दहा कामांची बेरीज नऊ तास येते आणि हातात असतात तीन. मग जी कापायची ती सकाळीच कापा. रात्री आपोआप कापली जातात, तेव्हा नेमकी महत्त्वाचीच जातात.

७. तातडीचं आणि महत्त्वाचं यातला फरक?

तातडीचं काम ओरडतं, महत्त्वाचं गप्प बसतं. वीजबिलाची आज शेवटची तारीख आहे, हे तातडीचं. वडिलांची साखर तपासून सहा महिने झाले, हे महत्त्वाचं. चार चौकोनांचा तक्ता काढायचा असेल तर काढा, मला कधी लागला नाही. महत्त्वाच्या कामाला वार आणि वेळ द्या, झालं.

८. पहाटे पाचला उठल्याशिवाय यश नाही म्हणतात. खरं का?

रात्री दहाला झोपत असाल तर जरूर उठा. बाराला झोपून पाचला उठणारे माझ्याकडे सकाळी दहाला बाकावर डोकं ठेवून घोरतात. दोन आठवडे एवढंच पाहा: कोणत्या दोन तासांत तुमचं डोकं सगळ्यात तल्लख चालतं? सगळ्यात जड काम तिथे टाका. पहाटे असेल तर पहाटे, रात्री असेल तर रात्री. दुपारी एक ते चार पुण्यात कुणाचंच चालत नाही, हा आमचा जुना विनोद. पण वीस मिनिटांची डुलकी घेऊन तीनला पुन्हा बसणारी मुलं मी बघते, त्यांचं बरं चाललेलं असतं.

९. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी, हे तंत्र खरंच चालतं का?

सुरुवात होत नसेल तेव्हा छान चालतं. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून हे सुरू केलं. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, त्यावरून नाव. अशी चार आवर्तनं झाली की मोठी विश्रांती.

पण गणित, कोडिंग किंवा दीर्घोत्तरी लेखन असेल तर डोकं तापायलाच पंधरा मिनिटं लागतात आणि दहा मिनिटांत घंटा वाजते. तिथे ५० आणि १० करा. आणि ती पाच मिनिटं फोनवर घालवू नका. कारण प्रश्न १० मध्ये.

१०. फोन दूर ठेवता येत नाही. ऑफिसचा ग्रुप असतो, घरून फोन येतो.

घरच्यांना सांगा: खरंच निकड असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा. बहुतेक फोनमध्ये अशी सोय असते की सगळं बंद असतानाही त्याच नंबरावरून दुसऱ्यांदा आलेला फोन वाजतो. ऑफिसच्या ग्रुपला दर तासाला एकदा पाहिलंत तर आकाश कोसळत नाही.

"दोनच मिनिटं बघितलं" हा हिशोब खोटा असतो. सोफी लरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक तुकडा मागच्या कामातच रेंगाळतो. माझ्याकडे दाराशी बुटांचं कपाट आहे, त्याच्या वरच्या कप्प्यात फोन ठेवतात. दहा पावलांवर. तेवढं अंतर पुरतं. खिशात म्यूट करून ठेवलेला फोन दूर नसतो.

११. रोज तीन तास प्रवासात जातात. त्यात अभ्यास होईल का?

कशानं जाता त्यावर आहे. दुचाकीवर असाल तर काही नाही. कानात बोळे घालून विद्यापीठ चौकातून गाडी चालवायची नाही, विषय संपला. कंपनीची बस किंवा मेट्रो असेल तर ऐकणं आणि उजळणी होते, नवीन विषय होत नाही. वनाझ ते रामवाडी मार्ग मार्च २०२४ पासून पूर्ण सुरू आहे. त्यावरची एक मुलगी फक्त चुकलेल्या प्रश्नांची छोटी वही घेऊन बसते.

पण माझं मत विचाराल तर प्रवासात अभ्यास करण्याआधी प्रवास कमी होतो का ते पाहा. दोन आठवडे निघण्याची वेळ आणि पोचण्याची वेळ लिहा. पाऊण तास लवकर निघून रोजची पस्तीस-चाळीस मिनिटं वाचलेले लोक मला माहीत आहेत. ऑफिसच्या रिकाम्या कॅन्टीनमध्ये तो वेळ सलग मिळतो.

१२. सवय लागायला २१ दिवस पुरतात ना?

मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहिलं होतं की नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. त्यातलं "किमान" गळून पडलं आणि नाकाची गोष्ट सगळ्या सवयींना चिकटली. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर पाहणी केली, ती २०१० मध्ये छापून आली. त्यात सरासरी ६६ दिवस निघाले, आणि व्याप्ती १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. दिलासा असा की मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नव्हतं. लागोपाठ बरेच दिवस बुडाले असतील तर प्रश्न १५ पाहा.

१३. मी घर सांभाळते. माझा वेळ माझा नसतोच. सलग अर्धा तासही मिळत नाही. मी काय नियोजन करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि बाजारातले सल्ले इथे सगळ्यात कमी उपयोगी पडतात, कारण ते स्वतःच्या केबिनमध्ये बसणाऱ्या माणसाला धरून दिलेले असतात.

पहिलं, कामाचे दोन ढीग करा: तुकड्यात होणारं आणि सलग लागणारं. शिवणाच्या ऑर्डरचे फोन, व्हिडिओ ऐकणं, हिशोब टिपणं हे तुकड्यात होतं. कटिंग, परीक्षेचा पेपर सोडवणं, लिहिणं याला सलग वेळ लागतो. तुकड्यांच्या वेळेत सलग काम घेतलंत की चिडचिड होते आणि मग "मला जमतच नाही" असं वाटतं.

दुसरं, वेळेला घड्याळ लावू नका, प्रसंग लावा. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचं काम ह्यावरच आहे: "अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधी ठरवलेलं काम जास्त पार पडतं. "दुपारी ३ वाजता बसेन" हे तुमच्याकडे टिकणार नाही. "लेकीला क्लासच्या दारात सोडलं की समोरच्या बाकावर बसून पाच पानं वाचीन" हे टिकतं.

तिसरं अवघड आहे. आठवड्यातून दोनदा दीड तास घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घर घालायचं. "जमलं तर बघा" असं म्हणायचं नाही. वार सांगायचा. माझ्याकडे एक ताई बुधवारी आणि शनिवारी साडेसहाला येत. पहिल्या महिन्यात दर वेळी फोन: कुकरची शिट्टी कुठाय, हळद कुठल्या डब्यात. दुसऱ्या महिन्यात फोन बंद झाले. हळद सापडली असणार. आणि हो, गुरुवार निवडू नका. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं तर पुण्यात बहुधा तोच वार, मग दिवस बादल्या भरण्यात जातो.

१४. गणपती, दिवाळी, लग्नं आली की सगळं कोलमडतं. सण सोडून द्यायचे का?

अजिबात नाही. वर्ष ५२ आठवड्यांचं धरणं सोडा. गणपतीचे दोन, दिवाळीचे दोन, लग्नसराईचे दोन, आजारपणाचे दोन, आणि नुसतेच वाया जाणारे दोन. राहिले ४२. जानेवारीतच कॅलेंडरवर ते आठवडे रंगवून टाका आणि ध्येयाची विभागणी ४२ नं करा. लक्ष्मी रस्त्याच्या आसपास राहणाऱ्यांनी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीही काही ठरवू नये. मिरवणूक संपलेली नसते.

१५. तीन आठवडे पूर्ण बुडाले. आता राहिलेलं भरून काढू की सोडून देऊ?

सोडून द्या. रोजचं काम अधिक मागचं देणं असं वेळापत्रक चार दिवस टिकतं. उरलेला पोर्शन उरलेल्या आठवड्यांत पुन्हा वाटा, बसत नसेल तर काही भाग कापा. पहिल्या दिवशी ठरलेल्याच्या निम्मंच करा. सोमवार किंवा पहिली तारीख गाठून सुरू करायला लोकांना हुरूप येतो, तसा अभ्यासही झाला आहे. पण आज मंगळवार असेल तर सोमवारची वाट बघू नका.

१६. मी चाकणला शिफ्टमध्ये आहे. दर आठवड्याला पाळी बदलते. एक वेळापत्रक कसं चालेल?

एक चालणारच नाही. तीन करा, पहिली, दुसरी आणि रात्रपाळी, आणि तिन्हींत फक्त एक गोष्ट समान ठेवा: उठल्यापासून ठरावीक अंतरानं एक तास. रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन काही घेऊ नका, उजळणीच करा. पाळी बदलते त्या दिवशी शून्य धरा.

१७. वर्षभर अभ्यास केला आणि परीक्षाच पुढे गेली. आता ध्येयाचं काय?

१४ मार्च २०२१ ची राज्यसेवा पूर्व तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली तेव्हा नवी पेठेत मुलं रस्त्यावर उतरली होती. ती परीक्षा २१ मार्चला झाली. आठवडाच, पण तो आठवडा कसा गेला ते मी पाहिलं आहे. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

प्रश्न १ मधली दोन वाक्यं इथे कामी येतात. तारीख तुमच्या हातात नाही, म्हणून पहिलं वाक्य डळमळतं. दुसरं, आठवड्याचं, तुमच्या हातात आहे. नवी तारीख कळेपर्यंत तास निम्मे करा, पण शून्य नको. हर्मान एबिंगहाउसनं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की उजळणी नसेल तर पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्यानं उतरतं. झालेला अभ्यास ताजा ठेवायला पूर्वीएवढा वेळ लागत नाही. उरलेले निम्मे तास दुसऱ्या कशाला द्या. शिकवण्या घ्या, टायपिंग करा, गावी जाऊन या.

१८. ध्येय सोडायचं केव्हा, हे कसं ठरवायचं?

आधी वही बघा. ठरवलेले तास दिले होते का? दिलेच नसतील तर ध्येय अजून तपासलं गेलेलं नाही. तास दिले, आणि तीन-चार महिने सराव परीक्षेचे गुण जागचे हलले नाहीत, तर आधी पद्धत बदला. पद्धत बदलूनही तेच, तर थांबण्याचा विचार करायला हरकत नाही.

थांबण्याची तारीख मात्र सुरुवातीलाच, डोकं थंड असताना, घरच्यांसमोर लिहून ठेवावी. निकालाच्या रात्री ठरवू नये. "आता इतकी वर्षं घातली, अजून एक" हे वाक्य मी ज्या मुलांच्या तोंडून ऐकलं, त्यातल्या एकाच्याही वहीत अशी तारीख नव्हती. एकजण सहाव्या वर्षी थांबला, आता भोरला रोपवाटिका चालवतो. दिवाळीला येतो, कुंडी देऊन जातो.

१९. वेळ आहे, ध्येय आहे, पण काही करावंसंच वाटत नाही.

दोनचार दिवस असेल तर दमला असाल, झोपा. दोन आठवड्यांहून जास्त असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर हा वेळापत्रकाचा विषय नाही. डॉक्टरांकडे जा. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलतात. फोन केला म्हणून कुणी वेडं ठरत नाही.

२०. डायरी कुठली घेऊ? ॲप कुठलं?

अप्पा बळवंत चौकातली शंभरपानी वही. ॲप निवडण्यात मुलांचे दोन-दोन दिवस गेलेले पाहिलेत.

२१. काकू, माझं वेळापत्रक तुम्ही प्रत्यक्ष तपासून द्याल का?

देईन. रविवारी सकाळी दहा ते अकरा. येताना प्रश्न २ मध्ये सांगितलेल्या एका आठवड्याच्या नोंदी आणा, खऱ्या. रिकाम्या हातानं आलात तर चहा मिळेल, सल्ला नाही. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये.